खड्ड्याची थोरली

पेरेस आज्वांगच्या दारात कधी हिरवं पान उगवलं नाही, ही मन्याट्टातली सगळ्यात जुनी थट्टा. किसुमू शहराच्या या वस्तीत पत्र्याला पत्रा लागलेला, पाय ठेवायला जागा नाही. तरी बायका फुटक्या बादलीत, जुन्या टायरात, काहीच नाही तर तेलाच्या डब्यात सुकुमाची भाजी लावतात. एकीने तर नवऱ्याच्या मोडक्या रेडिओच्या खोक्यात कांद्याची पात लावली होती. नवरा ओरडला तेव्हा म्हणाली, "निदान आता तरी त्याच्यातून काही कामाचं बाहेर पडतंय." पेरेस मात्र भाजी विकत घ्यायची. जुडी जुडी करून, रोज.

लग्न झालेल्या बाईला आमच्याकडे माहेरच्या मुलखावरून हाक मारतात. पेरेसचं माहेर सरोवरात घुसलेलं उयोमा, म्हणून ती न्यारुयोमा, उयोमाची लेक. भाजीवाली तिला डिवचायची, "न्यारुयोमा, तुझ्या माहेरी म्हणे खडकावर बी टाकलं तरी उगवतं. आणि तू माझ्याकडून पाला घेतेस?"

"मी लावायला लागले तर तू काय विकशील? तुझ्या पोरांची काळजी मलाच करावी लागते," पेरेस म्हणायची, आणि जुडीच्या मुळाला चिकटलेली माती अंगठ्याने हळूच खरवडून काढायची. ती माती ती झटकत नसे. दाराशी एका कोपऱ्यात टाकायची. एवढंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिचा धंदा मासळीच्या सांगाड्यांचा. मोठ्या माशाचं मांस कारखान्यात सोलून विमानाने दूरदेशी जातं. डोकं आणि काटा आपल्या वाट्याला येतो. तो काटा उकळत्या तेलात सोडला की असा काही कुरकुरीत होतो की ज्यांनी मांस नेलं त्यांची कीव यावी. पेरेसची चूल रस्त्याच्या कडेला होती, आणि चुलीच्या मागे खड्डा.

त्या खड्ड्याला कुणी दुसरं नाव दिलंच नाही. कधीकाळी मोठा रस्ता झाला तेव्हा कंत्राटदाराने तिथून मुरूम काढला. रस्ता झाला, मुरूम संपला, कंत्राटदार गेला, खड्डा तेवढा राहिला. मग जो येईल तो त्यात काहीतरी टाकायला लागला. राख, केळीच्या साली, मेलेलं कोंबडं, फाटक्या गाद्या. वर ते टकले करकोचे, गळ्याला पिशवी लोंबणारे. दिवसभर पंख आवळून असे उभे राहायचे, जशी पगाराची वाट बघणारी कचेरीच. एकाने एकदा पेरेसच्या ताटातून आख्खं डोकं उचललं तेव्हा ती झारा घेऊन त्याच्यामागे धावली होती. करकोचा उडाला नाही. चालत गेला. "अशी बेपर्वाई मी फक्त पुढाऱ्यांत पाहिली आहे," असं ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

माश्या फार, म्हणून ती चूल पेटवायच्या आधी मागची कड झाडायची. आज कड झाडली, तर उद्या तिच्या पलीकडची हात-दोन हात जागा. झाडू कुठे थांबवायचा ते तिला कधी समजलं नाही. वर्षं गेली, आणि खड्ड्याचा तेवढा एक काठ अंगणासारखा लख्ख झाला. पोरं तिथे गोट्या खेळायची.

असाच एकदा मिल्काचा पोरगा चेंडूमागे आत उतरला आणि पाय चिरून वर आला. मिल्का शिंपीण. शहरातच जन्मली, शहरातच वाढली, आणि तोंड तिच्या मशीनपेक्षा जास्त चालणारं. पोराचा पाय बांधला आणि ती थेट मोगाकाच्या दुकानात गेली. मोगाका न्हावी, किसी डोंगरातला. त्याच्या दुकानात वस्तीतली सगळी डोकी आपोआप सापडायची.

"तुम्ही सगळे इथे दाढ्या करता, आणि मागे नरक साचलाय!" मिल्का म्हणाली. "तो खड्डा साफ करायचा, आणि तिथे झाडं लावायची. बाकं ठेवायची. पोरांनी कुठे जायचं? आपण कुठे जायचं?"

"बाक ठेवलंत तर माझं गिऱ्हाईक तिकडे जाऊन बसेल," मोगाका म्हणाला.

"बसू दे. तुझं गिऱ्हाईक तसंही दाढी करत नाही, नुसतं बसतं."

जागा कुणाची ते विचारायला काहीजण कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने फार विचार करून उत्तर दिलं, "आमची आहे असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर साफ करावी लागेल. तुमची आहे असंही म्हणणार नाही. तुम्ही साफ केलीत तर मात्र मी बघितलं नाही असं म्हणेन." एवढी परवानगी आमच्याकडे भरपूर झाली.

मग शनिवारमागून शनिवार खड्डा उपसला. काय काय निघालं म्हणता! सायकली निघाल्या, कवळी निघाली, चर्चच्या ढोलाचं एक अंग निघालं. एक आख्खी खाट निघाली आणि तिच्यावर तिघांनी हक्क सांगितला. ज्याने ती टाकली होती तोही त्यात होता. करकोचे काठावर उभे राहून बघत होते, घर पाडायला आलेल्या लोकांकडे भाडेकरू बघतात तसे. शेवटी हातगाड्यांवरून दलदलीकडची काळी माती आणून ओतली. ढीग पडला तसा पेरेसने चूल तशीच सोडली, जवळ गेली, मातीवर पालथा हात ठेवला. आणि पोळल्यासारखा उचलून घेतला.

"गरम आहे का गं?" कुणी विचारलं.

"हो. मासा करपतोय," ती म्हणाली आणि परत फिरली.

रोपं आली. आंबा, जांभूळ, कडुनिंब, उंबर. काळ्या पिशव्यांत, गुडघ्याएवढी. मोगाकाने बाह्या सरसावल्या, कुदळ घेतली, पहिला खड्डा खणला, आंब्याचं रोप उचललं. आणि तिथेच माशी शिंकली.

"ठेव खाली!"

हा आवाज ओलालबाबांचा. म्हातारा बंदरात हमालांचा मुकादम होता, त्यामुळे त्याने 'ठेव' म्हटलं की हात आपोआप सुटायचा. मोगाकाने रोप खाली ठेवलं.

"पेरणी कोण उघडणार?" ओलालबाबांनी विचारलं.

आता यात हसण्यासारखं काही नाही. आम्हा लुओ लोकांच्या घरात पाऊस आला म्हणून कुणीही उठून बी टाकत नाही. घराच्या थोरलीने आधी हात लावायचा. मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. धाकटीने घाई केली तर घराला बाधा होते. पोर आजारी पडतं, गाय आटते, माणूस वाळत जातो. शहरात येऊन पुष्कळजण पुष्कळ काही विसरले, पण कुदळ हातात आली की हे आठवतंच.

"बाबा, हे घर कुठाय? हा खड्डा आहे," मिल्का म्हणाली.

"जिथे माणसं मिळून पेरतात ते घर. मग तिथे थोरली पाहिजे."

मोगाका कुदळीवर हनुवटी टेकून म्हणाला, "आम्ही किसी लोक पाऊस आला की पेरतो आणि मग भांडतो. तुम्ही आधी भांडता. पीक तुमचं कमी येतं, पण भांडण कसदार."

कुणी म्हणालं, ओलालबाबाच सगळ्यांत म्हातारे, त्यांच्या बायकोने उघडावी. बायको लांबूनच ओरडली, "मी यांच्याशी लग्न केलंय, खड्ड्याशी नाही! एकच पुरे!" कुणी म्हणालं, मिल्काने. ती उसळली: "मला आत्तापासून थोरली करता? माझं वय काय!" दुपार झाली, रोपं माना टाकायला लागली. ठरलं एवढंच, की ठरेपर्यंत रोपं न्यारुयोमाच्या चुलीमागे सावलीत ठेवायची. घोंगडं भिजत पडलं, आणि ते भिजायला पुरेसा पाऊसही नव्हता.

पाणी घालायला मात्र कुणाची बंदी नव्हती. पेरेस सकाळी चुलीआधी रोपांना पाणी घालायची, संध्याकाळी तेल उतरवलं की पुन्हा. प्रत्येकाशी बोलायची. आंब्याला म्हणायची, "तू लाडावलेला आहेस." जांभळाला, "तुझं बरं आहे, तुला कुठेही टाका." उंबराशी काही बोलत नसे. एके सकाळी तिने उंबराची पिशवी जराशी हलवून पाहिली, तर ती हलेना. मूळ पिशवी फोडून खालच्या मातीत शिरलं होतं. कुणाला न विचारता, कुणी उघडायची वाट न बघता. ती कितीतरी वेळ त्या पिशवीजवळ बसून राहिली. पहिलं गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं.

रविवारी चर्च सुटल्यावर ओलालबाबांनी मोगाकाच्या छपराखाली निकाल दिला. "मी विचार केला. थोरली म्हणजे वयाने मोठी नव्हे. घरात जी पहिली आली ती थोरली. या खड्ड्यापाशी पहिली चूल कुणाची? पहिला झाडू कुणाचा?"

"न्यारुयोमाचा!" सगळे एकदम ओरडले, आणि बायकांनी जिभा नाचवून असा हर्षाचा कल्लोळ केला की मोगाकाच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला.

एवढे शहाणे लोक जमले होते, पण तिला स्वतःला विचारावं असं एकाच्याही मनात आलं नाही. ती तिकडे मासे उलटत होती.

मिल्का धावत गेली. "आजी! तू खड्ड्याची थोरली! शनिवारी तू पहिलं झाड लावायचंस, मग आम्ही सगळे!"

पेरेसचा झारा थांबला. तोंडावर आधी असं काही हसू आलं, की मिल्काने पुढे सांगितलं, तिला त्या क्षणी म्हातारी तरुण दिसली. मग ते हसू विझलं.

"मी नाही," पेरेस म्हणाली. "दुसरी कुणी बघा."

"ओलालबाबांनी ठरवलंय. आता तू लावल्याशिवाय कुणी लावणार नाही."

"असं म्हणाले ते? मी लावेपर्यंत सगळे थांबणार?"

"मग काय तर!"

पेरेस बुडाखालचं लाकूड काढून घ्यावं तशी बसली. काटा करपला. आणि ज्या बाईने इतकी वर्षं चेष्टेवर चेष्टा देऊन सगळ्यांना परतवलं होतं, तिने चुलीशी बसून मिल्काला सगळं सांगितलं.

तिचा नवरा ओगुतू सरोवराकाठच्या साक्वातला. घरातला थोरला मुलगा. इथल्या कापडाच्या गिरणीत होता. तापाने गेला. त्याला साक्वाला नेऊन पुरलं, आणि पेरेस लेकीला घेऊन तिथेच राहिली. रिवाज असा, की विधवेला नवऱ्याच्या भावाने आपली म्हणायचं, तिच्या घरात रात्र काढायची. मग ती मोकळी, मग तिने पेरायचं. दीर ओन्दिती. माणूस वाईट नव्हता. पण पेरेस म्हणाली, नाही. ओगुतूची टोपी अजून खुंटीवर आहे, मी दार उघडणार नाही.

सासू रागावली नाही, पाया पडली नाही. एवढंच म्हणाली, "मग तुझ्या हाताने बी पडायचं नाही." आणि पाऊस आला.

घोडं अडलं ते असं. पेरेस थोरली. तिच्याआधी धाकट्या जावांनी बी टाकायचं नाही. आणि पेरेसने तर टाकायचंच नाही. शेजारच्या घरांत मका वर आला, आणि ओगुतूच्या घरात बियांच्या टोपल्या भरलेल्या, कुदळी भिंतीला टेकलेल्या, ओली जमीन पुन्हा सुकत चाललेली. कुणी तिला बोललं नाही. जावा नुसत्या आभाळाकडे बघायच्या, मग तिच्या दाराकडे. मधल्या जावेला, ओन्दितीच्या बायकोला, कोन्सोलाताला, दिवस गेले होते. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि न बोलता परत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पेरेसने लेकीला पाठीशी बांधलं आणि साक्वा सोडलं. थोरली घरातच नसली तर तिच्या खालच्या मोकळ्या होतात.

"आणि त्यांनी पेरलं?" मिल्काने विचारलं.

"पेरलं असेल. मी मागे वळून बघितलं नाही." पेरेसने करपलेला काटा काढून बाजूला ठेवला. "तेव्हापासून या हाताने बी टाकलेलं नाही, पोरी. डब्यातसुद्धा नाही. मला रिवाज खरा वाटतो की नाही ते मला सांगता येणार नाही. पण मी लावलं आणि उद्या कुणाचं पोर तापलं, तर? आणि नाही लावलं तर तुम्ही सगळे पुन्हा माझ्या दाराकडे बघणार. आता मी कुठे जाऊ? लेक मिगोरीला नांदते, तिच्या घरात तिची सासू थोरली."

मिल्काने झारा उचलला आणि तेलातले उरलेले काटे उलटले.

बुधवारी पेरेसने चूल बंद ठेवली. साक्वाकडे जाणाऱ्या मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीत, कोंबड्या आणि सिमेंटच्या पोत्यांच्या मधे, ती मांडीवर हात घट्ट धरून बसली. मागायला काय जातेय ते तिला नीट माहीत नव्हतं. कुणीतरी 'मोकळी' म्हणावं, एवढंच.

सासू कधीच गेली होती. ओन्दितीही गेला होता. अंगणात धान्य पाखडत एक जाड म्हातारी बसली होती. तिने सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला.

"इतका उशीर?" कोन्सोलाता म्हणाली. "मला वाटलं, भाजी आणायला गेलीस."

दोघी जावा रडल्या, मग हसल्या, मग मक्याची उगाली आणि सुकी मासळी खाल्ली, मग पुन्हा रडल्या. पेरेसने सगळं सांगितलं: खड्डा, झाडं, ओलालबाबांचा निकाल. कोन्सोलाता ऐकत होती. मग उठली, आतल्या खोलीतून एक तपकिरी कोट घेऊन आली. कोपरं झिजलेली, एक बटण दुसऱ्याच जातीचं.

"हे काय?"

"आपला दीर. ओन्दिती गेला तेव्हा मला आपली म्हणायला राहिला होता कोण? तो धाकटा, दातपडका. तो म्हणाला, वहिनी, माझी पाठ दुखते, मी येत नाही, माझा कोट ने. रात्रभर खुंटीवर टांगला, सकाळी मी पेरलं. आता असंच करतात. तेव्हापासून हा कोट गावातल्या चौघींचा नवरा झालाय. बोलत नाही, पीत नाही. इतका सुखाचा संसार मी कुणाचा बघितला नाही."

पेरेस हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना.

"कोट! एका कोटाने भागत होतं? मग मी सगळा जन्म शहरात काय केलं गं?"

"मासे तळलेस," कोन्सोलाता म्हणाली. आणि तिचा हात हातात घेऊन खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "तेव्हा कोट चालत नव्हता. तेव्हा माणूसच लागत होता. तू गेलीस त्या सकाळी मी उघडलं. मका असा आला की कणगीत मावेना. माझ्या घशाखाली उतरला नाही तो."

ओगुतूच्या वाट्याचं रान उतारावर होतं, सरोवराकडे तोंड करून. कोन्सोलाताच्या सुनांनी त्यात ज्वारी पेरली होती, बोटभर वर आलेली. पेरेसने चपला काढल्या आणि मातीत उभी राहिली. काळी, मऊ, घोट्याला धरून ठेवणारी.

"कोट टांग आज रात्री," कोन्सोलाता मागून म्हणाली. "उद्या या कोपऱ्यात चार दाणे टाक. राहा इथेच. जागा तुझी आहे."

पेरेसने सुनांकडे बघितलं. त्या बांधावर अदबीने उभ्या होत्या आणि आळीपाळीने एकदा हिच्याकडे, एकदा सासूकडे बघत होत्या. ती नजर पेरेसला ओळखीची होती. थोरली परत आली तर पुढच्या पावसात कोन्सोलाताने हिची वाट बघायची, सुनांनी कोन्सोलाताची.

कोट तिने हातात घेतला. तंबाखूचा वास आला, आणि घामाचा. कुणा एकाचा नसलेला घाम. तिने त्याची घडी केली आणि परत दिला.

"माणसाला नाही म्हटलं ते कोटाला हो कशी म्हणू? मग मी गेले कशाला?"

"तू तेव्हाही अशीच होतीस," कोन्सोलाता म्हणाली. "डोकं नाही, सगळी मानच."

पेरायला बंदी होती, खुरपायला नव्हती. मटाटू यायला वेळ होता. पेरेस वाकली आणि उतारावरची एक ओळ खुरपीत गेली, वरपासून खालपर्यंत. तण काढायची, मुळाची माती झटकून ज्वारीच्या बुडाशी परत लावायची. सुना बोलवायला आल्या तेव्हा ती ओळीच्या टोकाला बसून होती, आणि समोर पाण्यावर जलपर्णीची बेटं हळूहळू सरकत होती.

निघताना तिने ओगुतूच्या थडग्याकडे बोट दाखवलं. "शेवटी मला इथेच आणाल ना?"

"आणू की," कोन्सोलाता म्हणाली. "पण सवयीप्रमाणे उशिरा ये."

शनिवारी खड्ड्यावर जत्रा जमली. कुदळी, बादल्या, पोरं, उकडलेली कणसं. ओलालबाबांनी मुकादमीतला जुना बिल्ला छातीला लावला होता. पेरेस पुढे आली, हात फडक्याखाली धरून.

"लावायच्या आधी ऐकून घ्या," ती म्हणाली. आणि जे मिल्काला सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं, कोटाचंही. "मी मोकळी झालेली नाही. होणारही नाही. माझ्या मनात लावायचं आहे. इतकं आहे की मला रात्री डोळा लागत नाही. पण भीती तुमच्या पोरांची आहे. माझी थोरलेपणाची जागा मी दुसरीला देते. नाही तर मी निघून जाते, म्हणजे तुम्ही सुटाल. मला त्याची सवय आहे."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. करकोचेसुद्धा बघत होते. ओलालबाबांनी बिल्ल्याला हात लावला, घसा खाकरला. रिवाज त्यांना पाठ होता, पण पुढ्यात उभ्या राहिलेल्या बाईला काय म्हणायचं ते रिवाजात कुठे नव्हतं. कडेच्या दोन-तीन बायकांनी आपापली पोरं हळूच जवळ ओढली. पेरेसने ते बघितलं.

तेवढ्यात मागून वाट काढत एक बाई पुढे आली. तीच भाजीवाली. पाठीवर बांधलेलं पोर, घामाने निथळलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"ऐका," ती म्हणाली. "माझं पोर कालपासून तापलंय. दवाखान्यात जाऊन आले, औषध चालू आहे. झाड लागायच्या आधीच ताप आलाय, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघा. म्हणजे आता न्यारुयोमाचं नाव यायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या पोराला आला तर माझ्याकडून लागला असं म्हणा. मला शिव्या खायची सवय आहे, मी भाजी विकते." मग पेरेसकडे वळून, "लाव बाई आता. ऊन चढतंय. उद्यापासून माझी जुडी घेणं बंद केलंस तरी मी काही म्हणणार नाही."

आधी मोगाका हसला, मग सगळे. पोरं जवळ ओढणाऱ्या बायकांतली एक हसली नाही, पण तिने पोराचा हात सोडला. ओलालबाबांनी आकाशाकडे बघून जाहीर केलं, "थोरलीचं ऐकलं. थोरलीने उघडावं."

पेरेसने चुलीमागून उंबराचं रोप, खाली शिरलेलं मूळ मातीसकट सोडवून, आणलं. पिशवी फाडली. गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खड्ड्यात घातले. वरची काळी माती संपली आणि खाली मुरूम लागला. लाल, टणक, नखांत घुसणारा. त्यात निळ्या प्लॅस्टिकची एक चिंधी आली, ती तिने काढून कमरेला खोचली. रोप उभं केलं, माती लोटली, तळव्यांनी दाबली. आणखी दाबली. मिल्काला हळूच म्हणावं लागलं, "आजी, बास. त्याला श्वास घेऊ दे."

मग एकच धांदल उडाली. बायकांचा कल्लोळ, चिखल, ओरडा. मोगाकाने घाईत दोन रोपं एकाच खड्ड्यात लावली आणि वर सांगितलं की किसीत असंच लावतात. पेरेस बाजूला दगडावर बसली होती, मातीने भरलेले हात मांडीवर उताणे ठेवून. धुतले नव्हते.

"झालं ना गं मनासारखं?" मिल्काने विचारलं.

"झालं की." पेरेसने हात नाकाशी नेला, हुंगला, आणि ओशाळं हसली. "माशांचाच वास येतोय. साक्वाला नुसत्या मातीचा यायचा."

आता तिथे सावली आहे. बाकं आहेत, बाकांवर मोगाकाचं गिऱ्हाईक आहे. कडेच्या पट्ट्यात बायका भाजी आणि मका लावतात, आणि तो पट्टाही पेरेसच उघडते. तिचा हात लागल्याशिवाय कुणी दाणा टाकत नाही. पण दरवर्षी तिथे एक खोळंबा होतोच. पाऊस येतो, माती भिजते, बायका टोपल्या घेऊन तयार, आणि न्यारुयोमा रस्त्याच्या कडेला उभी. साक्वाकडून येणारा मटाटू दिसला की हात करून थांबवते.

"पोरा, तिकडे पेरणी उघडली का?"

"आजी, मी भाडं घेतो, पेरणी बघत नाही."

"उतारावरची रानं दिसतात ना रस्त्यावरून? नांगरलेली दिसली की पेरलेली?"

कुणीतरी उतारू खिडकीतून डोकं काढून सांगतो: अजून नाही, आज-उद्या करतील. मग ती परत फिरते, आणि बायका कपाळाला हात लावतात. मोगाका दुकानातून ओरडतो, "काय हो थोरल्याबाई, तुमच्या धाकट्या जावेला घाई करायला सांगा, आमचा मका म्हातारा व्हायला आला!"

"तिचं होऊ दे आधी," पेरेस म्हणते, आणि रस्त्याकडे तोंड करून पुढच्या मटाटूची वाट बघत उभी राहते.